मासा काय खातो? : नदीच्या इतिहासाचे एक साधन

अवांतर वाचनाच्या तासाला 'एका कोळियाने' वाचून संपले, त्या दिवसाची ही गोष्ट. हेमिंग्वेच्या कादंबरीचा पु. ल. देशपांडे यांनी केलेला हा अनुवाद मी अनेक वर्षे आठवीच्या वर्गात वाचून दाखवीत आलो आहे. म्हाताऱ्याचे धैर्य, समुद्राचे एकाकीपण, शार्कांनी तोडलेला मासा यांवर मुले नेहमीच बोलतात. त्या दिवशी मात्र मुरबाडकडील एका मुलाने उभे राहून विचारले, "सर, म्हातारा काय काय खातो ते पुस्तकात आहे. मग तो एवढा मोठा मासा काय खाऊन मोठा झाला?"

मी इतिहासाचा विद्यार्थी. "शोधून सांगतो," एवढेच मी त्या वेळी म्हणालो. त्या शोधात जे हाती आले आणि त्यातून आपल्या काळू-भातसेकडे जसे वळावे लागले, ते या स्मरणिकेच्या निमित्ताने मांडतो.

कादंबरीतला तो मासा मार्लिन. लांब भाल्यासारखे तोंड असलेला, खोल समुद्रात हजारो मैल फिरणारा, आणि गळाने मासेमारी करणाऱ्या शौकिनांना वेड लावणारा. आपल्या अरबी समुद्रातही त्याच्या जाती आहेत. लहान ट्यूना, बांगड्याच्या कुळातले मासे, उडते मासे आणि माकुल हे त्याचे अन्न. भाल्याच्या फटकाऱ्याने तो भक्ष्य बधिर करतो. मार्लिनच्या पोटात निघालेल्या माशांच्या अंगावर अशा वारांच्या खुणा आढळल्या आहेत. हेमिंग्वेला हे ऐकून ठाऊक नव्हते, पाहून ठाऊक होते. 1934 साली फिलाडेल्फियाच्या नैसर्गिक विज्ञान अकादमीचे चार्ल्स कॅडवालडर आणि मत्स्यशास्त्रज्ञ हेन्री फाउलर क्यूबाला त्याच्याकडे आले, ते मार्लिनच्या जातींचा घोळ सोडवण्यासाठी. त्याने पकडलेल्या माशांची मोजमापे त्यांना उपयोगी पडली, आणि पुढल्या वर्षी फाउलरने एका वेगळ्याच माशाला हेमिंग्वेचे नाव दिले. कादंबरीतही म्हातारा दुसरा एक मासा चिरतो, तेव्हा त्याच्या पोटात दोन उडते मासे निघतात. मुलाच्या प्रश्नाचे उत्तर शोधण्याची रीत त्या पुस्तकातच होती. मला ती इतक्या वर्षांत दिसली नव्हती.

मासा चिरावा, पोटात काय आहे ते पाहावे, मोजावे, लिहावे. आहाराच्या अभ्यासाची ही सर्वांत जुनी पद्धत. "उंबर फोडून केंबरे काढू नयेत" असे आपल्याकडे म्हणतात; येथे तेच करावे लागते. परंतु पोटातला पुरावा सरळ नसतो. माकुलाचे मऊ अंग लवकर विरघळते, पण त्याची पोपटासारखी कठीण चोच दीर्घकाळ टिकते. माशाचे मांस जाते, त्याच्या कानातले चुनखडीचे खडे राहतात. शिवाय गळाला लागलेला मार्लिन धडपडीत कित्येकदा खाल्लेले ओकून टाकतो, म्हणून रिकामे पोट म्हणजे उपाशी मासा असे धरता येत नाही. मला हे वाचताना आपल्याच विषयाची आठवण झाली. ताम्रपट टिकतो, दगडी शिलालेख टिकतो. शेतात राबणाऱ्याचे बोलणे टिकत नाही. जे टिकले तेच घडले, असे मानणारा इतिहासकार आणि चोची मोजून मार्लिन फक्त माकुल खातो असे सांगणारा संशोधक, दोघे एकच चूक करतात.

आता आपल्या नद्यांकडे येऊ. शहापूरची भातसा काळूला मिळते, मुरबाडमधून येणारी काळू उल्हासला मिळते. येथे मार्लिन नाही. सह्याद्रीच्या नद्यांतला मार्लिनच्या मानाचा मासा म्हणजे महसीर, म्हणजेच खडशी. मोठ्या खवल्यांचा, जाड ओठांचा, वेगवान प्रवाहाच्या विरुद्ध चढणारा. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने 1839 साली पुण्याच्या मुळा-मुठेतील या माशाचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले आणि 'खुद्री' हे मराठी नावच त्याच्या शास्त्रीय नावात घातले. आजही जगभर तो 'टॉर खुद्री' म्हणून ओळखला जातो. नाव टिकले, ते सांगणारा मासेमार कोण होता हे त्या नावातून कळत नाही.

महसीर काय खातो? जवळजवळ सर्व काही. खडकावरचे शेवाळ, पाणवनस्पती, किडे, शिंपले, खेकडे, लहान मासे आणि काठच्या झाडांवरून पडणारी फळे व बिया. त्याच्या जबड्यात दात नसतात. ते घशात असतात, तीन ओळींत, आणि खेकड्याचे कवच त्यांनी फुटते. त्याला खरे जठरही नसते, म्हणून 'पोटातले' न म्हणता 'आतड्यातले' म्हणावे लागते. आतड्याची लांबीही बोलकी असते: मांसाहारी माशाचे आतडे आखूड, शेवाळ-वनस्पती खाणाऱ्याचे लांब वेटोळ्यांचे. हेन्री सलिव्हन थॉमस या मद्रास इलाख्यातील अधिकाऱ्याने 1873 साली भारतातील गळाच्या मासेमारीवर ग्रंथ लिहिला. त्यात महसीर हाच मुख्य नायक आहे. साहेब शिकारीसाठी पाहत होता हे खरे, पण नीट पाहत होता.

आमच्या एका विद्यार्थ्याच्या वाडीतल्या कातकरी आजींना मी हाच प्रश्न विचारला. त्या म्हणाल्या, "गुरुजी, उंबर पिकला का खडशी झाडाखाली येऊन बसते. टप् झालं का वर येते. आता उंबरच तोडला, तर ती कशाला येईल?" ग्रंथात आहाराची यादी मिळते. झाड तुटले की मासा का जातो, हे त्या एका वाक्यात होते. नदीकाठचे उंबर, करंज, जांभूळ ही आपण केवळ झाडे समजतो. माशाच्या दृष्टीने ती स्वयंपाकघरे आहेत.

अन्नाइतकाच महत्त्वाचा प्रश्न अंड्यांचा. पहिल्या पावसात वलगणीचे मासे चढू लागले की आपल्या गावांत उत्साह असतो. रात्री बत्त्या घेऊन माणसे ओढ्यांवर जातात. मीही लहानपणी गेलो आहे. पण चढणारा मासा अंड्यांनी भरलेला असतो. महसीर पावसाळ्यात स्वच्छ वाहत्या पाण्यात, वाळू-गोट्यांत अंडी घालतो आणि रोहू-कटल्याच्या मानाने ती फार थोडी असतात. नदीतली वाळू-खडी उपसली की पाळणाच जातो, आणि वर धरणाची भिंत आली की वाटच संपते. मुंबईची तहान भागवणाऱ्या तालुक्यात राहणाऱ्या आपल्याला हे वेगळे सांगायला नको. उन्हाळ्यात हंडे घेऊन फिरणारी शहापूरची गावे काय आणि भिंतीखाली अडलेला मासा काय.

यावर उपाय झालेच नाहीत असे नाही. लोणावळ्याला टाटांच्या जलाशयावर 1970 च्या सुमारास डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांनी महसीराचे कृत्रिम प्रजनन यशस्वी केले आणि पुढे लाखो पिल्ले देशभर सोडली गेली. पण याच कथेचा उत्तरार्ध मला वर्गात नेहमी सांगावासा वाटतो. ही पिल्ले कावेरीतही सोडली गेली. तेथे मूळचा कुबड्या महसीर होता, कितीतरी मोठा होणारा. कावेरीकाठच्या एका तळावर गळ टाकणारे लोक मासा पकडून, वजन वहीत लिहून, जिवंत सोडून देत. 1998 ते 2012 या काळातील सहा हजारांहून अधिक महसीरांच्या नोंदी संशोधकांनी तपासल्या आणि 2015 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला: सोडलेला महसीर वाढत गेला, कुबड्या जवळजवळ नाहीसा होत गेला. 2018 साली त्याची शास्त्रीय ओळख निश्चित झाली, तीही तो नष्ट होण्याच्या उंबरठ्यावर असताना. आपल्याकडचा मासा वाईट नव्हता, हेतूही वाईट नव्हता. त्या नदीत आधी कोण राहते, हे कोणी नीट विचारले नव्हते. आणि ज्या वह्यांतून हे कळले, त्या पकडून सोडणाऱ्यांच्या होत्या. पुढे तेथील गळाची मासेमारी बंद झाली आणि वहीही थांबली.

आपल्या शेजारी वाडा तालुक्यात वैतरणेवर तिळसे येथे मंदिराजवळच्या डोहात महसीर लोकांनी राखले आहेत. महाडला चवदार तळ्यावर जाणाऱ्यांपैकी काहींनी काळ नदीवरचा वाळणकोंडही पाहिला असेल, तेथेही तेच. श्रद्धेने का होईना, मासा वाचला, हे मान्य केले पाहिजे. मात्र तेथे भाविकांनी टाकलेले कुरमुरे खाणारा मासा पाहून महसीराचा आहार लिहू नये. तो माणसाचा आहार झाला.

वर्गात हे सांगत असताना एका मुलीने विचारले, "सर, पहिले शील आपण रोज म्हणतो. मासा न मारता कळणार नाही का?" प्रश्न योग्य होता. उत्तर असे, की आता बऱ्याच अंशी कळते. एक खवला किंवा पराचा छोटा तुकडा घेऊन मासा सोडून देता येतो. त्यातील नायट्रोजनच्या हलक्या-जड अणूंच्या प्रमाणावरून मासा शेवाळ अधिक खात होता की इतर जीव, याचा अंदाज बांधता येतो. गेल्या बऱ्याच काळात त्याने काय खाल्ले हे त्यात उतरते, पोटात फक्त शेवटचे जेवण असते. ही सोय आपल्या शाळेत नाही. आपल्याजवळ वही आहे आणि बाजारात किंवा घरात साफ होणारा मासा आहे, जो आपल्यासाठी मारलेला नाही.

म्हणून गेल्या पावसाळ्यापासून मुलांनी एक नोंदवही सुरू केली आहे. तारीख, गाव, नदी की ओढा, माशाचे तेथले नाव, लांबी, आत काय निघाले, सांगणाऱ्याचे नाव. हा शेवटचा रकाना मुलांनी स्वतः घातला. मरळीच्या पोटात बेडकाचा पाय निघाला, वामीच्या पोटात किडे. कित्येक नोंदींत 'रिकामे' एवढेच आहे आणि तेही खोडायचे नाही, असे ठरले आहे. खडशीची एकच नोंद आहे, भातसेकडून आलेली: बोटभर लांबीचा मासा, आतड्यात हिरवट लगदा आणि बारीक वाळू. वाळू शेवाळाबरोबर गेली की पाणी गढूळ होते म्हणून, यावर वर्गात दोन तट पडले आहेत. यंदा त्याच ठिकाणी पावसाच्या आधी आणि नंतर, असे दोनदा जायचे आहे. त्या काठच्या गावांतील माजी विद्यार्थ्यांनी घरातील वडीलधाऱ्यांना विचारून खडशी पूर्वी कोठे मिळत असे, एवढे जरी कळवले, तरी वहीची पहिली पाने भरता येतील.