शिक्षकाच्या भ्रमणध्वनीतील निर्लेखन

उद्देश : भ्रमणध्वनीत आवश्यक तेवढीच ॲप ठेवण्याची सवय शिक्षकांनी प्रथम स्वतःस लावून घ्यावी व नंतर ती वरच्या वर्गांतील मुलामुलींच्या अंगी बाणवावी.

१. प्रास्ताविक

शाळेच्या जडसंग्रह नोंदवहीत प्रत्येक बाक, घंटा व नकाशा यांची नोंद असते. वस्तू केव्हा आली, कोणत्या कामासाठी आली, आज तिची स्थिती काय, हे तपासणीच्या वेळी दाखवावे लागते. निरुपयोगी वस्तूंचे रीतसर निर्लेखन होते. परंतु शाळेचा बराचसा कारभार आज ज्या वस्तूतून चालतो, त्या शिक्षकाच्या भ्रमणध्वनीची अशी नोंद कोठेही नसते. त्यात काय काय साठले आहे, हे पुष्कळदा खुद्द मालकालाही सांगता येत नाही.

वास्तविक हा भ्रमणध्वनी एकट्या शिक्षकाचा राहिलेला नाही. शिष्यवृत्तीच्या यादीचे छायाचित्र, मुलांच्या जन्मतारखा व आधार क्रमांक, बँकेच्या पासबुकाचे पहिले पान, पालकांचे दूरध्वनी क्रमांक, स्नेहसंमेलनातील मुलींची छायाचित्रे, असे बरेच काही त्यात असते. पालकांनी हे सारे शाळेवरील विश्वासाने दिलेले असते. ती ठेव सांभाळणे हा शिक्षकाच्या कर्तव्याचाच भाग होय.

२. परवानगीचे स्वरूप

ॲप म्हणजे भ्रमणध्वनीत राहावयास आलेले बिऱ्हाड. ते काही खोल्यांच्या किल्ल्या मागते : संपर्कांची यादी, छायाचित्रे, ठिकाण, ध्वनिग्राहक, संदेश. अँड्रॉइड प्रणालीत पूर्वी या सर्व किल्ल्या ॲप घेतानाच एकदम द्याव्या लागत. २०१५ साली आलेल्या सहाव्या आवृत्तीपासून महत्त्वाच्या परवानग्या स्वतंत्रपणे विचारल्या जाऊ लागल्या व नाकारण्याची सोय झाली. तथापि प्रश्न न वाचताच होकार देण्याची सवय मात्र कायम राहिली.

येथे दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पहिली, आंतरजालाशी संबंध जोडण्यासाठी ॲपला मालकाची वेगळी परवानगी लागत नाही. म्हणजे संपर्कांची यादी वाचण्याची मुभा मिळाली की ती बाहेर पाठविण्याचा मार्गही मोकळाच असतो. दुसरी, पुष्कळशा विनामूल्य ॲपमध्ये जाहिरात कंपन्यांनी तयार केलेले भाग बसविलेले असतात आणि मूळ ॲपला मिळालेल्या परवानग्या त्यांनाही लागू होतात. एका बिऱ्हाडाबरोबर असे आणखी काही अनोळखी लोक घरात येतात. म्हणून परवानग्या आवरणे हा दुसरा उपाय. बिऱ्हाडेच कमी ठेवणे हा पहिला.

३. एक उदाहरण

अमेरिकेत ‘ब्राइटेस्ट फ्लॅशलाइट’ नावाचे विजेरीचे ॲप कोट्यवधी वेळा उतरवून घेतले गेले होते. त्याचे काम उजेड पाडणे, एवढेच. परंतु ते वापरणाराचे नेमके ठिकाण व त्याच्या यंत्राचा ओळखक्रमांक जाहिरात कंपन्यांना पुरवीत असे. अटींच्या पानावर ‘मान्य’ व ‘अमान्य’ असे दोन पर्याय दिसत. पण वापरणाराने त्यांपैकी एक निवडण्यापूर्वीच माहिती बाहेर पडू लागलेली असे. डिसेंबर २०१३ मध्ये तेथील फेडरल ट्रेड कमिशनने हे प्रकरण उघड केले व गोळा केलेली माहिती नष्ट करण्याचे बंधन ॲपच्या निर्मात्यांवर घातले.

आज विजेरी भ्रमणध्वनीतच असते. तरीही विजेरी, गणकयंत्र, दिनदर्शिका यांसाठी वेगळी ॲप घेतलेली आढळतात. काम लहान आणि मागणी मोठी, अशी विसंगती दिसली की ते ॲप नकोच, असे समजावे.

४. तपासणीची रीत

एखाद्या शनिवारी शाळा सुटल्यावर अर्धा तास काढावा. वहीच्या पानावर चार रकाने आखावेत : ॲपचे नाव, कोणत्या कामासाठी, मागील तीन महिन्यांत वापरले काय, कोणत्या परवानग्या दिल्या आहेत. सेटिंगमध्ये ॲपची संपूर्ण यादी मिळते. नोंद झाल्यावर पुढील क्रम ठेवावा.

(अ) ज्याचे काम सांगता येत नाही किंवा जे वापरात नाही, ते काढून टाकावे. त्यात खाते उघडले असल्यास आधी खाते रद्द करावे. केवळ ॲप काढल्याने कंपनीकडे गेलेली माहिती परत येत नाही.
(आ) एकाच कामाची दोन ॲप असल्यास एकच ठेवावे.
(इ) वर्षातून एकदोनदा लागणारे काम संकेतस्थळावर होत असेल, तर ते ब्राउझरमधून करावे.
(ई) शासकीय कामासाठी आवश्यक असलेली ॲप ठेवावीत. परंतु ती अधिकृत दुकानातूनच घ्यावीत व अद्ययावत ठेवावीत.
(उ) जी राहिली, त्यांच्या अनावश्यक परवानग्या काढाव्यात.
(ऊ) यंत्राबरोबरच आलेले ॲप काढता येत नसेल, तर ते बंद करून ठेवावे.

लग्नपत्रिका, वाहनाचा दंड किंवा बँकेची सूचना या नावाने व्हॉट्सॲपवर येणारी ‘एपीके’ फाइल कधीही उघडू नये. ती प्रत्यक्षात ॲप असते. संदेश वाचण्याची मुभा तिला मिळाली की बँकेचा ओटीपी परक्याच्या हाती जातो. पैसे गेल्यास विलंब न लावता १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

५. वर्गातील पाठ

सहावी-सातवीच्या वर्गात फळ्यावर डावीकडे चार कामे लिहावीत : विजेरी, नकाशा, शब्दकोश, चित्रे रंगविण्याचा खेळ. उजवीकडे परवानग्या लिहाव्यात : ठिकाण, संपर्क, ध्वनिग्राहक, संदेश. कोणत्या कामास कोणती परवानगी खरोखर लागते, हे मुलांनी जोड्या लावून कारणासह सांगावे. नकाशाला ठिकाण लागते, हे ती लगेच ओळखतील. शब्दकोशाला आईचा दूरध्वनी क्रमांक कशाला, हा प्रश्न त्यांचा त्यांनीच विचारला पाहिजे. उत्तर शिक्षकाने आधी सांगू नये.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमताने निर्णय दिला. हा हक्क पहिलीतल्या मुलालाही आहे. त्याचे नाव व जन्मतारीख जोवर शिक्षकाच्या खिशात आहे, तोवर त्या हक्काचा राखणदार शिक्षकच होय.

६. केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या भ्रमणध्वनीत एकूण किती ॲप आहेत? त्यांपैकी कितींचे काम सांगता आले?
२. मुलांची कोणती माहिती भ्रमणध्वनीत ठेवणे अपरिहार्य आहे? काम संपल्यावर ती केव्हा पुसावी?
३. एखादे ॲप पालकांना सुचविण्यापूर्वी शिक्षकाने कोणती खातरजमा करावी?