खाजन, मानस आणि कोरगुट

शापोरा नदीच्या उत्तर तीरावर आपले चोपडे, पलीकडे बार्देशातील शिवोली, आणि लागूनच आगरवाडा. आगर म्हणजे मिठागर. तेव्हा आगरवाड्याच्या नावातच त्या गावचा जुना धंदा सांगितलेला आहे. नदीकाठच्या सखल जमिनीतून भात, मासळी आणि मीठ या तिन्ही वस्तू मिळवण्याची जी रीत गोव्यात रूढ झाली, तिला खाजन शेती म्हणतात. अलीकडे विद्यापीठांतून टिकाऊ अन्नव्यवस्थेचा जो अभ्यास चालतो, त्यात या शेतीला मानाचे स्थान आहे. संशोधक डॉ. संगीता सोनक यांनी २०१४ साली गोव्याच्या खाजनांवर एक स्वतंत्र इंग्रजी ग्रंथच प्रसिद्ध केला. पालटत्या निसर्गाला तोंड देताना जुन्या देशी उपायांचा आधार घेता येईल काय, हा त्यांच्या अभ्यासाचा प्रश्न आहे. आपण पिढ्यान्‌पिढ्या ज्या बांधावरून चालत आलो, त्यावर ग्रंथ लिहिला जावा, याचे काहींना नवल वाटेल. पण बांधाची रचना नीट पाहिली की ते नवल ओसरते.

खाजन म्हणजे भरतीच्या पाण्यापासून बांध घालून मिळवलेली जमीन. बांदोडे येथे सापडलेल्या सुमारे सहाव्या शतकातील ताम्रपटात 'खज्जन' हा शब्द येतो. म्हणजे ही विद्या पोर्तुगिजांच्या कितीतरी आधीची. गोव्यात अशी जमीन सुमारे १८,००० हेक्टर असल्याचे सांगतात. भरतीच्या वेळी तिचा बराचसा भाग नदीच्या पातळीखाली असतो. बाहेरचा बांध चिखल, पेंढा आणि जांभा दगड यांचा. त्याच्या पायथ्याशी खारफुटीची झाडे राखलेली असतात, कारण लाटांचा मारा तीच आधी झेलतात.

या साऱ्याचे मर्म मात्र मानशीत आहे. मानस म्हणजे बांधातील पाण्याचा दरवाजा. त्याची लाकडी दारे अशी बसवलेली असतात की भरती आली म्हणजे बाहेरच्या पाण्याच्या दाबाने ती आपोआप मिटतात, आणि ओहोटीला आतल्या पाण्याच्या रेट्याने उघडून पावसाचे पाणी नदीत सोडतात. इंजिन नाही, पंप नाही. समुद्राचीच शक्ती समुद्राला अडवते. मानशीच्या आतल्या बाजूस खोल पाण्याचा साठा असतो, त्याला पोंय म्हणतात. शेतातले जादा पाणी तिथे उतरते, आणि मासळीही तिथेच पोसते. दार उघडण्याच्या वेळी तेथे जाळे लावून मासळी धरण्याच्या हक्काची पावणी होत असे, व त्या पैशांतून बांधाची डागडुजी करता येई.

भात कोणते लावावे, हाही प्रश्न जुन्यांनी सोडवला होता. भातपिकाला जमिनीतला खारटपणा फार सोसत नाही. कोरगुट हे उंच वाढणारे स्थानिक भात मात्र बराच खार सहन करते. पावसाने जमिनीतले मीठ धुऊन निघाले की ते पेरावयाचे, कापणी झाल्यावर काही खाजनांत खारे पाणी आत घेऊन मासळी वाढवावयाची, आणि सोईच्या जागी मिठागर चालवावयाचे. एका हंगामात भात बुडाले तरी घरात मासळी येई. १९७३ साली हॉलिंग या शास्त्रज्ञाने धक्का सोसूनही आपले मूळ स्वरूप राखण्याच्या शक्तीविषयी जो विचार मांडला, त्याचे याहून सोपे उदाहरण मला तरी ठाऊक नाही.

मग ही व्यवस्था ढिली का पडली? जुन्या काबिजादीत बांधाची जबाबदारी गांवकरी संस्था वाहत असे. १९६४ च्या कूळ कायद्याने कसणाऱ्याला संरक्षण मिळाले, आणि ते मिळणे न्यायाचेच होते. १९७५ च्या नियमांनी बांधाची सामुदायिक जबाबदारी कुळांच्या संघांवर आली. पण संघ कागदावर होणे वेगळे आणि रात्री भरतीच्या वेळी बांधावर माणूस असणे वेगळे. त्यातच कोळंबीला भाव आला. मासळीचा हक्क घेणाऱ्याला खारे पाणी आत हवे, भात लावणाऱ्याला ते बाहेर हवे. दोघांमध्ये निवाडा करणारा कोणी उरला नाही, तेथे मानस नको त्या वेळी उघडी राहू लागली, आणि क्वचित बांधही मुद्दाम फोडले गेले. एकदा शेतात खार शिरली की ती धुऊन निघण्यास एक पावसाळा पुरत नाही. शेत पडीक राहते, आणि पडीक शेताचा बांध कोण पाहणार?

सामाईक मालमत्ता लोक आपल्याच नियमांनी सांभाळू शकतात, हे दाखवून दिल्याबद्दल एलिनॉर ऑस्ट्रॉम या विदुषीला २००९ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. नियम करणारे व पाळणारे एकच असावेत, आणि पाळतो की नाही हे पाहणाराही त्यांच्यातलाच असावा, हा त्यांच्या निष्कर्षांतला एक भाग. आपल्या मानशीला तो तंतोतंत लागू पडतो. सरकारनेही या जमिनीकडे अगदीच पाठ फिरवली असे नाही. २०११ च्या किनारा नियमन अधिसूचनेत गोव्याच्या खाजनांचे नकाशे करावेत, व्यवस्थापनाचा आराखडा करावा आणि तेथील खारफुटीला संरक्षण द्यावे, असे म्हटले होते.

बियाण्याच्या बाजूने अधिक आशेचे काम झाले आहे. जुन्या गोव्यात एला येथील केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेने कोरगुटातूनच निवड करून 'गोवा धान १' आणि 'गोवा धान २' हे खार सोसणारे वाण काढले. महाराष्ट्रात पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्रानेही याच प्रकारचे वाण दिले आहेत. तथापि वाण कितीही चांगले असले तरी दर भरतीला खिंडारातून येणारे पाणी त्याला सोसणार नाही. बांधाला खेकडे भोके पाडतात. ती उन्हाळ्यातच चिखलाने बुजवावी लागतात, कारण अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला पाणी प्रथम तिथूनच वाट काढते.