लोहखनिज आणि गोमंतकाच्या नद्या

नदीला आपल्याकडे लोकमाता म्हणतात. हें नांव केवळ भक्तीचें नव्हे. त्यांत व्यवहारहि आहे. पिण्यास पाणी, शेतास ओल, होडीस वाट आणि ताटांत मासळी हें सर्व तीच पुरविते. परंतु मातेच्या घरांत कोणी डोंगराएवढी माती आणून टाकली, तर तिनें लेंकरांस कसें पोसावें? हा प्रश्न गोमंतकांतील नद्यांच्या बाबतींत प्रत्यक्ष उपस्थित झाला. त्याचा थोडक्यांत विचार करूं.

विद्यार्थिमित्रहो, गोव्याचा नकाशा पुढें घ्या. पूर्वेस सह्याद्रि, पश्चिमेस समुद्र, आणि मधील अंतर अवघें सुमारें ६० किलोमीटर. मांडवी व झुवारी या येथील दोन मुख्य नद्या. मांडवीस वरच्या भागांत म्हादई म्हणतात. दूधसागराचें पाणी खांडेपार नदीच्या रूपानें तिलाच येऊन मिळतें. डिचोली, सत्तरी, धारबांदोडा, सांगे व केपे या तालुक्यांतील डोंगरांच्या पोटांत लोखंडाचें खनिज आहे. म्हणजे ज्या डोंगरांतून पाणी येतें, त्याच डोंगरांत खाणी! सर्व अनर्थाचें मूळ या एका गोष्टींत आहे.

पोर्तुगीज अमलांत खाणींचे परवाने दिले गेले, आणि माल प्रथम जपानला व पुढें मुख्यतः चीनला जाऊं लागला. या खाणी उघड्या असतात. एक टन खनिज काढावयाचें तर साधारणपणें दोन ते तीन टन माती व दगड बाजूस टाकावे लागतात. या मातीचे ढीग डोंगरउतारावर उभे राहतात. गोव्यांत वर्षाकाठीं सुमारें ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. अशा पावसांत तो ढीग कितीसा टिकणार? तांबडा गाळ ओढ्यांत, ओढ्यांतून भातशेतींत व शेवटीं नदींत जातो.

याचे परिणाम तीन प्रकारचे होतात. पहिला, शेतांवर गाळाचा थर बसून भाताचें पीक खालावतें. दुसरा, नदीचें पात्र उथळ होऊन पूर लवकर चढतो, आणि मासे व शिंपले यांचीं वसतिस्थानें बुजतात. तिसरा परिणाम सहसा डोळ्यांस दिसत नाहीं. खाण भूजलाच्या पातळीखालीं गेली कीं तींत पाणी भरतें. तें उपसून बाहेर टाकावें लागतें, आणि आसपासच्या विहिरी व झरे आटूं लागतात. अशा रीतीनें पावसाळ्यांत शेत चिखलानें भरतें, आणि उन्हाळ्यांत घागर रिकामी राहते.

येथें दुसरी बाजूहि पाहिली पाहिजे. खनिज वाहणाऱ्या ट्रकांवर व मांडवी-झुवारींतून मुरगांव बंदराकडे जाणाऱ्या बार्जांवर हजारों कुटुंबांची चूल पेटत होती. खाणी बंद पडल्या तेव्हां कर्ज काढून ट्रक घेतलेल्या गृहस्थांवर मोठेंच संकट आलें. त्यांची अडचण खोटी नव्हती. आणि शेत गमावलेल्या शेतकऱ्याची हानिहि खोटी नव्हती.

हा वाद अखेरीस न्यायासनापुढें गेला. न्यायमूर्ति शहा आयोगाचा अहवाल सप्टेंबर २०१२ मध्यें संसदेपुढें आला, व ५ ऑक्टोबर २०१२ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें खाणकाम थांबविलें. ता. २१ एप्रिल २०१४ च्या निकालांत न्यायालयानें असें ठरविलें कीं, जुने पट्टे २२ नोव्हेंबर २००७ रोजींच संपले असून त्यानंतरचें खाणकाम बेकायदा होतें. वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घालण्यांत आली. तसेंच विक्रीच्या रकमेचा दहावा हिस्सा पुढील पिढ्यांसाठीं कायम निधींत ठेवावा, असाहि आदेश झाला. पुढें ७ फेब्रुवारी २०१८ रोजीं ८८ पट्ट्यांचें नूतनीकरण रद्द झालें. २०२२ सालीं लिलावानें नवे पट्टे देण्यास आरंभ झाला.

त्या निधीच्या आदेशांत मोठें शिक्षण आहे. भात कापलें तर पुढील वर्षीं पुन्हा पिकतें. खनिज एकदां काढलें कीं तें पुन्हा उगवत नाहीं. म्हणून तें एकट्या आजच्या पिढीचें धन नव्हे. खाणकाम चालवावयाचेंच असेल, तर मातीच्या ढिगांना बांध घालणें, त्यांवर झाडें लावणें, गाळ बसण्यासाठीं तळीं खणणें, आणि ओढ्यांचे मार्ग मोकळे ठेवणें हा खर्च खनिजाच्या किंमतींतच धरला पाहिजे. तो आज टाळला, तर उद्यां शेतकरी व कोळी यांस तो भरावा लागतो.

मुलांनीं यांत काय करावें, असें कोणी विचारील. पहिल्या पावसानंतर आपल्या गांवच्या ओढ्याचें पाणी, वडील माणसास बरोबर घेऊन, कांचेच्या पेल्यांत भरून आणा. रात्रभर तें स्थिर ठेवा. सकाळीं तळाशीं किती गाळ बसला तें मोजून, तारीख घालून वहींत लिहा. दर वर्षीं असेंच करा. नदीविषयीं प्रेम बोलून दाखविणारे पुष्कळ असतात. तिची रोजची स्थिति नोंदवून ठेवणारे थोडे. परंतु वादाचा प्रसंग आला म्हणजे नदीच्या उपयोगीं पडते ती अशी प्रामाणिक नोंदच होय.