परातीतला रवा आणि मुलांची अक्षरओळख

पालकांनो, अक्षरओळखीचा विषय आरोग्याच्या पानावर कशाला, असे आपल्याला वाटेल. पण तीन-चार वर्षांचे मूल अक्षर ओळखते ते डोळ्यांनी, कानांनी आणि बोटांनी. ही तिन्ही नीट तयार होण्याआधीच आपण त्याच्या हातात पाटी-पेन्सिल देतो, "गिरव" म्हणतो, चुकले की रागावतो. मग मुलाला अक्षराचीच भीती बसते. ही भीती पुढे शाळेतही त्याच्याबरोबर जाते.

मनगटात 8 लहान हाडे असतात. या वयात ती पूर्ण घट्ट झालेली नसतात. बोटांचे स्नायूही कोवळे असतात. म्हणून बारीक रेघेत लिहिताना मुलाचा हात दुखतो. तो आळशीपणा नव्हे. या वयात लिहिण्याची घाई करू नये. आधी ऐकणे, मग ओळखणे, मग बोटाने गिरवणे आणि सर्वांत शेवटी लिहिणे, हा क्रम ठेवावा.

यासाठी महागडी खेळणी लागत नाहीत. 1945 साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला बालवाडी सुरू केली. शिंपले, पाने, खडे हेच तिथले साहित्य. मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसल्यावर त्या मुलांच्या वस्तीत, त्यांच्या अंगणात गेल्या. आपणही घरातूनच सुरुवात करू.

पहिली चार अक्षरे

सगळी बाराखडी एकदम नको. न, ब, र, ग ही चार अक्षरे घ्या. यांचे आकार एकमेकांपासून वेगळे आहेत. मुलाने न पाहिलेल्या वस्तूंपेक्षा रोजच्या वस्तू सांगा : न नळाचा, ब बशीचा, र रव्याचा, ग गव्हाचा. मुलाच्या नावाचे पहिले अक्षरही लवकर घ्या. ते त्याला सर्वांत आधी आपले वाटते.

घरच्या घरी पाच खेळ

1. कानाचा खेळ : स्वयंपाक करताना विचारा, "न ने सुरू होणारे काय आहे घरात?" नळ, नथ, नख. या खेळाला अक्षर दाखवावे लागत नाही. कान तयार होतो.

2. परातीतला रवा : परातीत रव्याचा किंवा चाळलेल्या बारीक रेतीचा पातळ थर पसरा. तुम्ही बोटाने मोठे अक्षर काढा, आवाज म्हणा, मग मुलाला काढू द्या. चुकले तर परात हलवायची, अक्षर पुसले जाते. खाडाखोड नाही, रागावणे नाही.

3. खरखरीत अक्षर : जुन्या लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्यावर डिंकाने अक्षर काढून त्यावर रेती भुरभुरवा. वाळल्यावर मूल डोळे मिटून बोट फिरवील आणि ओळखील.

4. उडी मार : अंगणात किंवा गच्चीवर खडूने चार अक्षरे मोठी लिहा. "ब वर उडी!" यात पायांचाही व्यायाम होतो.

5. कणकेच्या वळ्या : पोळ्या करताना थोडी कणीक द्या. वळ्या करून अक्षर जुळवताना बोटांना बळ येते. हीच पुढच्या लेखनाची तयारी.

खेळ दहा-पंधरा मिनिटांचाच असावा. मूल कंटाळण्याआधी थांबवा. चारही अक्षरे सहज ओळखू लागल्यावरच पुढची दोन घ्या. घ-ध, भ-म, ब-व, प-ष, थ-य या जोड्या सारख्या दिसतात. त्या एका वेळी शिकवू नका. एक पक्के झाल्यावर दुसरे घ्या.

काळजी घ्या

शेंगदाणे, हरभरे, चिंचोके, मणी घेऊन लहान मुलांना एकटे खेळू देऊ नका. ते नाकात, कानात किंवा घशात अडकतात. नाकात-कानात काही गेले तर पिन किंवा काडी घालू नका, दवाखान्यात न्या. मोबाईलवरची अक्षरांची गाणी हाताचे काम करत नाहीत. दोन ते चार वर्षांच्या मुलांचा पडद्यासमोरचा वेळ दिवसाला एक तासापेक्षा जास्त नसावा, कमी असेल तर उत्तम, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. तीन-चार वर्षांच्या मुलाला 10 ते 13 तास झोप हवी. झोप अपुरी असेल तर शिकवलेले डोक्यात राहत नाही.

केव्हा तपासून घ्यावे?

या वयात अक्षर उलटे काढणे सामान्य आहे. पण मूल चित्र डोळ्यांजवळ धरत असेल, डोळा तिरपा होत असेल, हाक मारल्यावर वळत नसेल, कान वाहत असेल किंवा फिकट व सतत मरगळलेले दिसत असेल, तर त्याला "मंद" म्हणू नका. डोळे, कान आणि रक्त तपासून घ्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा मोफत तपासणी असते. ती चुकवू नका. तिरळेपणा किंवा अधू नजर लहानपणी सापडली तर उपचाराचा जास्त उपयोग होतो.

शेवटी एक गोष्ट. "मीच चौथीपर्यंत शिकले, मी काय शिकवणार?" असे अनेक माता म्हणतात. रव्यात अक्षर काढायला चौथीदेखील लागत नाही. आजी निरक्षर असेल तर तिलाही परातीजवळ बसवा. नातवंड तिला न शिकवील, आणि दुसऱ्याला शिकवताना त्याचे स्वतःचे अक्षर पक्के होईल. आज संध्याकाळी परात घ्या, मूठभर रवा घ्या आणि एकाच अक्षराने सुरुवात करा.