नखाचं काम कोयत्याला सांगू नये

पोरी, पुण्यात राहून तुझं इंग्रजी छान सुधारलं, त्याचं आत्याला कौतुकच आहे. पण हल्ली तू भाजी कट करतेस, केस कट करतेस, दारातला शेवगा कट करतेस आणि बोलता बोलता फोनही कट करतेस. आपल्या कोरेगावात या एका शब्दाच्या जागी दहा-बारा क्रियापदं रोज राबतात. प्रत्येकाचं हत्यार वेगळं, जोर वेगळा, हेतू वेगळा. चहा घेऊन बस आणि सावकाश वाच.

१. शब्द अडला की आधी हातात काय आहे ते बघ – विळीनं चिरतात, विळ्यानं कापतात, अडकित्त्यानं कातरतात, कोयत्या-कुऱ्हाडीनं तोडतात आणि नुसत्या नखांनी खुडतात. हत्यार आठवलं की शब्द आपोआप जिभेवर येतो.

२. भाजी 'चिर' म्हण, आणि कशी चिरायची तेही त्याच दमात सांग – भजीला कांदा उभा लागतो, पोह्याला बारीक, आणि बटाट्याच्या रश्श्याला फोडी लागतात.

३. मेथी आधी निवडायची, मग धुवायची, मग चिरायची. कामाच्या मावशींना नुसतं 'मेथी कट करा' सांगू नकोस – जाड देठं, पिवळी पानं सगळंच विळीखाली जातं, आणि जेवताना घरातले एकमेकांची तोंडं बघतात.

४. हरभऱ्याची भाजी मात्र खुडायचीच, तीही शेंडा कोवळा असताना – खुडलेल्या जागेखालून नवे फुटवे येतात आणि झाड पसरतं. विळा लावलास तर भाजी एकदाच मिळेल आणि घाटेही जातील. म्हणून म्हणते, नखाचं काम कोयत्याला सांगू नये.

५. ऊस तोडतात, आणि तो जमिनीलगत तोडतात – बुडख्याकडच्या कांड्यांत साखर सगळ्यात जास्त असते, वरच्या वाढ्यात कमी. म्हणून वाढं जनावरांपुढे जातं आणि मोळी कारखान्याला. टोळी आली की मुकादमाला 'बुडातून तोडा' एवढं सांग. त्यात सगळं आलं.

६. आता त्याच फडात दुसरा शब्द बघ. ऊस तुटून गेल्यावर खोडवा ठेवायचा असेल तर वर राहिलेले बुडखे छाटतात – म्हणजे फुटवे जमिनीखालच्या डोळ्यांतून जोमानं येतात. तोडलं ते घेऊन जायचं असतं, छाटलं ते पुन्हा फुटावं म्हणून छाटलेलं असतं. हा फरक पक्का कर, कारण पुढचं बरंच काही यावर उभं आहे.

७. तासगावकडे द्राक्षवाल्यांच्या घरी गेलीस तर नुसतं 'छाटणी कधी?' विचारू नकोस, कुठली ते विचार – एप्रिलची खरड छाटणी वेलीला नवी काडी यावी म्हणून असते आणि ऑक्टोबरची फळछाटणी त्या काडीवर घड यावा म्हणून. एकाच बागेत, एकाच कात्रीनं, सहा महिन्यांच्या अंतरानं होणारी ही दोन निराळी कामं आहेत. मला तर वाटतं, आपल्या शेतकऱ्याइतका नेमका बोलणारा माणूस शोधून सापडायचा नाही.

८. दारातल्या शेवग्यासाठी माणूस बोलावशील तेव्हा 'फांद्या छाटा' म्हण, 'झाड कट करा' म्हणू नकोस – त्यानं बुंध्यात कुऱ्हाड घातली तर दोष त्याला देता येणार नाही. मोघम निरोप आणि धारदार कुऱ्हाड एका घरात ठेवू नये.

९. आपला वाघ्या घेवडा उपटतात, आणि तो सकाळी, दव असतानाच – ऊन चढलं की वाळलेल्या शेंगा तडकतात आणि दाणा मातीत जातो. पट्ट्यापट्ट्यांचा हा दाणा भौगोलिक मानांकन मिळवून बसला आहे, तेव्हा पुण्यातल्या मैत्रिणींना 'राजमा हार्वेस्ट केला' असं सांगून त्याचा मान घालवू नकोस.

१०. आलं खणून काढतात, आणि हलक्या हातानं – कुदळीचा घाव लागलेला गड्डा आधी कुजतो आणि शेजारच्यालाही बिघडवतो. काढणी म्हटलं की ऐकणाऱ्याच्या हाताला जपायची आठवण होते.

११. लाकडाची तर तीन क्रियापदं आहेत: रानात झाड तोडतात, वखारीत त्याच्या फळ्या चिरतात आणि चुलीसाठी ओंडका फोडतात – फोडताना कुऱ्हाड रेषेच्या बाजूनं घालतात, म्हणून एका घावात दोन ढलप्या होतात. वखारवाल्याला 'फोडून द्या' म्हणालीस तर तुझ्या पलंगाचं सरपण होईल हो!

१२. दुकानदार ताग्यातून कापड फाडून देतो, शिंपी ते आधी बेततो आणि मग कापतो. शिंप्याला 'बेतलं का?' असंच विचार – बेतल्यावर चूक खडूनं दुरुस्त होते, कापल्यावर होत नाही.

१३. मेंढ्या कातरतात, सुपारी कातरतात – थोडं थोडं, कडेकडेनं. मोठ्या माणसाचे केस कापतात, पण बाळाचं जावळ काढतात. जावळाला 'कापलं' म्हणालीस तर तुझी आजी पंगतीतून उठेल.

१४. देवापुढचा नारळ वाढवतात, हातातली बांगडी फुटली तरी ती वाढवली म्हणतात – तुटल्या-फुटल्याची भाषा मंगल गोष्टींना लावायची नाही, हा आपल्या बायाबापड्यांनी जपलेला रिवाज आहे. तू मानशील न मानशील, पण सासरी चारचौघांत तो पाळ.

१५. फोन 'ठेवते हं' म्हण, 'कट करते' म्हणू नकोस – पलीकडच्या म्हाताऱ्या माणसाला वाटतं, पोर रागावली. आणि कुणाचं बोलणं मध्येच तोडू नकोस. तोडलेलं बोलणं खोडव्यासारखं पुन्हा फुटत नाही.

१६. लिहायचं काम असेल तर कोश जवळ ठेव, आणि तो दोन्हीकडून बघ. इंग्रजीवरून मराठीकडे यायला कँडीचा १८४७ चा कोश आहे. मोल्सवर्थनं सुरू केलेला, कँडीनं पुरा केलेला. त्यात एका इंग्रजी शब्दासमोर मराठी शब्दांची रांग उभी असते. त्यातला पहिलाच उचलू नकोस – जो आवडेल तो घेऊन उलटा मोल्सवर्थच्या मराठी कोशात शोध, आणि खरंच तोच अर्थ निघतो का ते पडताळ. १८५७ ची दुसरी आवृत्ती शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट बघायला मिळते. तेवढ्यानं भागलं नाही तर दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश काढ, १९३२ पासून पुढे सात खंडांत निघालेला. ग्रंथालयात जाऊन एक दुपार त्यात घालव. परत येताना तुझी पिशवी रिकामी असेल, पण बोलणं नाही.

१७. कोशात बघून झालं तरी ते काम करणाऱ्याला विचार, 'तुम्ही याला काय म्हणता?' – शब्द तालुक्याला बदलतो, आणि ज्याच्या हाताला घट्टे आहेत त्याचा शब्द सहसा खोटा पडत नाही. विचारल्याचा त्यालाही आनंद होतो, वर चहा मिळतो.

१८. इंग्रजी शब्दाशी वैर मात्र धरू नकोस. आपल्या गल्लीतली पोरं 'कटिंगला' जातात, मुंबईकर 'कटिंग' पितात. ते शब्द आता इथलेच झालेत – त्यांना हुसकून लावायला बसलीस तर बोलायचंच राहून जाईल. जिथं एका शब्दानं काम बिघडतं तिथंच नेमका शब्द शोध.

१९. आणि मराठीतला 'कट' निराळाच आहे हे विसरू नकोस: एक रचतात तो, आणि दुसरा पुरणाची डाळ शिजल्यावर निथळून काढतात तो. त्या दुसऱ्याची आमटी होळीला करणार आहे, तेव्हा रजा आत्ताच टाकून ठेव – आयत्या वेळी गाड्यांना जागा मिळत नाही.