सपाट राहणाऱ्या पायऱ्यांची शिडी

भिंतीस टेकून ठेवलेल्या शिडीचा पाय थोडा पुढें ओढला कीं तिच्या सर्व पायऱ्या कलतात, ही गोष्ट इतकी परिचयाची आहे कीं तिच्याकडे कोणी फारसें लक्ष देत नाहीं. घरांतील शिडीच्या पायऱ्या म्हणजे गोल दांडे किंवा अरुंद पट्ट्या असतात, आणि चढणारा मनुष्य दोन्ही हातांनीं शिडी धरून चढतो. म्हणून त्या कलल्या तरी चालतें. परंतु ज्यांच्या हातांत सामान आहे, कडेवर मूल आहे, किंवा जीं पायानें अधू आहेत अशीं माणसें जेथें चढावयाचीं असतात, तेथें पायरी रुंद असली पाहिजे. आणि रुंद पायरी जर कलती असली तर ती अरुंद पायरीहून अधिक घातक होते, कारण तिच्यावर पाऊल विश्वासानें टाकलें जातें. रुंद पायऱ्यांची शिडी, आणि तिचा कोन तासातासाला बदलणारा, असा प्रसंग जहाजावर नेहमीं येतो.

मुंबईच्या बंदरांत मोठ्या उधाणाच्या दिवशीं भरती व ओहोटी यांच्या पातळींत ४ मीटरांहून अधिक फरक पडतो, व हा चढ साधारण सहा तासांत पुरा होतो. धक्का जागचा हलत नाहीं. उघड्या धक्क्यास बांधलेलें जहाज मात्र पाण्याबरोबर वर येतें. समजा, जहाजाच्या दारापासून धक्क्यापर्यंत १० मीटर लांबीची शिडी लाविली आहे, आणि ओहोटीच्या वेळीं दार धक्क्यापेक्षां ३ मीटर व भरतीच्या वेळीं ७ मीटर उंच असतें. पहिल्या वेळीं शिडीचा क्षितिजाशीं होणारा कोन सुमारें साडेसतरा अंशांचा, तर दुसऱ्या वेळीं ४४ अंशांच्या किंचित् पुढें भरतो. म्हणजे सहा तासांत शिडी २७ अंश फिरली. पायऱ्या जर बाजूंच्या दांड्यांस पक्क्या ठोकलेल्या असतील व सकाळीं सपाट असतील, तर दुपारीं त्याही २७ अंशांनीं कललेल्या आढळतील; २४ सेंटिमीटर रुंदीच्या पायरीची आंतली कड बाहेरच्या कडेपेक्षां सुमारें ११ सेंटिमीटर उंच होईल. समुद्राच्या पाण्यानें ओल्या झालेल्या अशा पायरीवर पाऊल खालच्या बाजूसच घसरणार. शिवाय शिडीचें खालचें टोक धक्क्यावर जवळजवळ २ मीटर ४० सेंटिमीटर जहाजाच्या बाजूस सरकतें, हेंही विद्यार्थ्यांनीं पायथागोरसच्या सिद्धांतानें काढून पाहावें. म्हणूनच त्या टोकास चाक लाविलेलें असतें.

या अडचणीवर एक उपाय कोणासही प्रथम सुचतो. जत्रेंतील आकाशपाळण्याचें चाक फिरत असतें, पण त्याचे पाळणे उलटत नाहींत, कारण प्रत्येक पाळणा वरच्या आंसास टांगलेला असून आपल्याच वजनानें सरळ राहतो. मग पायऱ्याही तशाच टांगाव्या! परंतु पाळण्यांतील मुलें एका बाजूस सरकलीं कीं पाळणा कलतो, हें सर्वांस ठाऊक आहे. पायरीवर तर मनुष्य नेमका कडेवरच प्रथम पाय ठेवतो. वजनाच्या भरंवशावर सरळ राहणारी वस्तु वजनानेंच कलणार. तेव्हां हा उपाय पायरीच्या कामाचा नव्हे.

दुसरा उपाय जुना असून अद्यापि पुष्कळ जहाजांवर दिसतो. पायरी सपाट न करतां तिचा पृष्ठभाग कमानीसारखा गोलट करावयाचा. शिडी कोणत्याही कोनांत असली तरी त्या गोलाईचा एखादा भाग सपाटीस येतोच. तो भाग अरुंद असतो हें खरें. पण यांत एकही हलणारा सांधा नाहीं, आणि खाऱ्या हवेंत जितके सांधे कमी तितकें बरें, हें कोंकणांतील कोणत्याही घरमालकास सांगावें लागत नाहीं.

तिसरा उपाय भूमितीचा आहे, व तोच या लेखाचा विषय होय. शिडीच्या प्रत्येक बाजूस एका दांड्याऐवजीं दोन दांडे घ्यावयाचे, एक वरचा व एक खालचा. जहाजाच्या दारापाशीं एक लोखंडी पट्टी उभी पक्की बसवून तिच्यावर दोन खिळी बसवावयाच्या. वरच्या खिळीस क व खालच्या खिळीस ख म्हणूं. वरचा दांडा क भोंवतीं व खालचा ख भोंवतीं मोकळेपणानें फिरतो. प्रत्येक पायरीच्या टोकासही अशीच एक लहान पट्टी असते. तिच्या खालच्या खिळीस ग व वरच्या खिळीस घ म्हणूं. ग खालच्या दांड्यावर व घ वरच्या दांड्यावर फिरते. आतां दोन अटी पाळावयाच्या. पायरीवरील खिळींचें अंतर गघ हें दारावरील अंतर कख एवढेंच असावें; आणि वरच्या दांड्यावरील कघ हें अंतर खालच्या दांड्यावरील खग या अंतराबरोबर असावें. मग कखगघ या चौकोनाच्या समोरासमोरील बाजू समान झाल्या; अर्थात् तो समांतरभुज चौकोन झाला, व त्याच्या समोरासमोरील बाजू समांतरही झाल्या. दांडे कोणत्याही कोनांत फिरवा, बाजूंची लांबी बदलत नाहीं, म्हणून गघ ही कख ला समांतरच राहणार. कख उभी आहे, म्हणून गघ उभी. आणि पायरीची फळी गघ ला काटकोनांत बसविली असल्यानें ती सपाट. वर्गांत ज्या सिद्धांताची सिद्धता पाठ करण्याचा कंटाळा येतो, तोच सिद्धांत येथें माणसांचें वजन पेलीत उभा आहे.

हीच युक्ति इतरत्रही दिसते. फ्रान्समधील गणिती रोबेर्व्हाल यानें १६६९ सालीं असा एक तराजू मांडून दाखविला, ज्याचीं पारडीं दांडीच्या खालीं टांगलेलीं नसून वर बसविलेलीं होतीं व तरीही कलत नव्हतीं. वाण्याच्या दुकानांतील मेजावरचा तराजू त्याच वंशांतला. खलाशी नकाशावर दिशा काढण्यास जी जोडपट्टी वापरीत, तिच्या दोन पट्ट्याही दोन सारख्या भुजांनीं जोडलेल्या असतात.

आतां एका महत्त्वाच्या गोष्टीकडे लक्ष द्यावें. पायरी सपाट राहते ती स्वतःच्या गुणानें नव्हे. ती केवळ माथ्यावरील कख या उभ्या पट्टीची नक्कल करीत असते. दहा मीटरांत २५ सेंटिमीटरांच्या अंतरानें चाळीस पायऱ्या बसविल्या तर चाळीसही तिचीच नक्कल करितात. यामुळें माथ्याची पट्टी बसवितांना ओळंबा लावण्यांत ५ अंशांची चूक झाली, तर प्रत्येक पायरी ५ अंशांनीं कललेली राहील. आणि पायरीवर पाणसळ ठेवून कितीही खटपट केली तरी ती तेथें दुरुस्त होणार नाहीं, कारण चूक तेथें नाहींच. जहाज भार एका बाजूस गेल्यामुळें धक्क्याकडे किंवा विरुद्ध बाजूस कललें तरी हेंच होतें: पायऱ्या पृथ्वीस न जुमानतां जहाजाबरोबर कलतात. हें टाळावयाचें असेल तर माथ्याच्या दोन खिळींऐवजीं पायथ्याच्या पट्टीस मुख्य करावें. तिला पुढेंमागें दोन चाकें लाविलीं म्हणजे ती धक्क्यावर सरळ उभी राहील व पायऱ्या धक्क्याची नक्कल करितील. त्या वेळीं मात्र माथ्यास एकच दांडा जखडावा, दुसरा मोकळा ठेवावा. दोन्हीं टोकांस मुख्यपणा दिला आणि जहाज कललें, तर दोन धनी परस्परविरुद्ध आज्ञा देतील व सांधे मोडतील.

लांबीच्या चुकीचा परिणाम आणखी निराळा होतो. सर्व पायऱ्यांच्या खिळींमध्यें १२ सेंटिमीटर व माथ्यावर साडेबारा सेंटिमीटर अंतर पडलें, तर पायऱ्या थोड्याशा कलतील असें वाटतें. तसें होत नाहीं. एकच पायरी असती तर शिडी कशीबशी फिरली असती. पण दोन किंवा अधिक पायऱ्या असल्या कीं ती एक तर जुळतच नाहीं, किंवा एखाद्या कोनांत जखडून बसते. म्हणून चांगला कारागीर येथें मोजपट्टीवर फार विसंबत नाहीं. तो दोन्ही दांडे एकावर एक आवळून दोहोंस एकदमच भोंकें पाडतो, व पायऱ्यांच्या पट्ट्यांचा आणि माथ्याच्या पट्टीचाही गठ्ठा करून तसेंच करितो. भोंक जागेवरून किंचित् चुकलें तरी सर्वांत सारखेंच चुकतें.

पायरी सपाट झाली म्हणजे सर्व झालें असें मात्र समजूं नये. वरील उदाहरणांत चाळीस पायऱ्यांनीं ओहोटीस ३ मीटर चढावयाचें, तेव्हां एका पायरीस साडेसात सेंटिमीटर. भरतीस ७ मीटर, तेव्हां साडेसतरा. घरांतील जिन्याची पायरी साधारण १५ ते १८ सेंटिमीटर उंच असते, हें लक्षांत घेतां भरतीच्या वेळची चढण पायास ओळखीची वाटेल, आणि ओहोटीच्या वेळीं पाऊल उगाच जास्त उचललें जाऊन ठेंच लागण्याचा संभव राहील. भूमितीनें कल नाहींसा केला. उंची व खोली यांचें बदलणें तिला टाळतां आलेलें नाहीं. खोलीही त्याच वेळीं २४ सेंटिमीटरांवरून १८ वर येते.

याहून गंभीर मर्यादा दांड्यांच्या अंतरांत आहे. खिळींमधील उभें अंतर १२ सेंटिमीटर कायम असलें तरी दोन दांड्यांमधील लंबांतर कोनाबरोबर घटतें. तें १२ ला कोनाच्या कोसाइननें गुणून मिळतें. शिडी आडवी असतां तें १२, आणि ५५ अंशांवर सुमारें ६.९ सेंटिमीटर. समजा, एकाच पायरीचा विचार केला आणि ७० किलोग्रॅम वजनाच्या मनुष्यानें खिळींच्या रेषेपासून १० सेंटिमीटर दूर, म्हणजे कडेजवळ, पाय ठेवला. ती पायरी उलटविण्याचा जो जोर उत्पन्न होतो तो एक दांडा ताणून व दुसरा दाबून सहन करितो, आणि त्यांचा तरफेचा हात म्हणजे हेंच लंबांतर. शिडी आडवी असतां दांड्यावर सुमारें ५८ किलोग्रॅमांचा ताण येतो. तेंच पाऊल, तोच मनुष्य, पण शिडी ५५ अंशांवर, तर ताण १०२ किलोग्रॅमांपर्यंत जातो. झिजलेल्या खिळीची ढिलाईही अशीच वाढते. एका दांड्याच्या लांबीच्या दिशेनें केवळ एक मिलिमीटर ढिलाई असली तरी ५५ अंशांवर पायरी पाऊण अंशाहून अधिक डुलते. ही ढिलाई एखाद्या पायरीच्या खिळींत असली तर ती पायरी डुलते. माथ्याच्या खिळींत असली तर सगळी शिडी. तेव्हां तेल घालण्यास व तपासणीस प्रारंभ कोठून करावा हें सांगावयास नकोच. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या २००९ सालच्या सूचनांत जहाजाच्या बाजूच्या शिडीचा कोन, ती अधिक कोनासाठीं मुद्दाम बनविली नसल्यास, ५५ अंशांहून अधिक असूं नये असें सांगितलें आहे. तो नियम सर्व प्रकारच्या पायऱ्यांसाठीं आहे. पण आपल्या शिडीस तो पाळण्याचें स्वतःचें एक कारण आहे, हें या आंकड्यांवरून दिसेल.

ज्यांस हें सर्व हातानें करून पाहावयाचें असेल त्यांनीं जाड पुठ्ठ्याच्या ४२ सेंटिमीटर लांब व दीड सेंटिमीटर रुंद अशा दोन पट्ट्या कापाव्या, एकावर एक ठेवाव्या, व दर ५ सेंटिमीटरांवर दाभणानें आरपार भोंकें पाडावीं. नंतर ६ सेंटिमीटर लांबीचे नऊ तुकडे घेऊन त्यांत ४ सेंटिमीटर अंतरावर दोन दोन भोंकें पाडावीं, तींही सर्वांस एकदम. एक तुकडा माथा म्हणून फळ्यावर उभा पक्का करावा व बाकीचे पायऱ्या समजून त्यांवर आडवी रेघ ओढावी. एक पट्टी तुकड्यांच्या पुढून व दुसरी मागून ठेवून पितळी चापांनीं सर्व जोडावें. शिडी वरखालीं करितांना रेघा आडव्याच राहतात हें पाहून लहान भावंडांस मौज वाटेल.

मोठ्या विद्यार्थ्यांनीं पुढें जाऊन एक प्रयोग करावा. प्रथम फक्त सर्वांत खालची एक पायरी जोडावी, आणि शिडी ९० अंशांपर्यंत, अगदीं ओळंब्यांत, आणावी. तेथें दोन्ही पट्ट्या एकाच रेषेंत येतात, लंबांतर शून्य होतें, आणि बोटाचा जरासा धक्का लागतांच पायरी भलत्याच बाजूस फिरून पट्ट्यांची कातर होते. मग मधली आणखी एक पायरी जोडून तोच प्रयत्न करावा. पायरी सैल पडून थोडी डळमळेल, पण कातर होणार नाहीं. दुसऱ्या पायरीनें असें काय केलें, याची सिद्धता त्यांनीं स्वतः शोधावी. क पासूनचीं दोन अंतरें वर्गसमीकरणांत घातलीं असतां ती एका पानांत निघते.