अहवालातल्या लाल त्रुटींपैकी आधी कोणती?

प्रश्न : आमच्या पतसंस्थेच्या लातूर, उदगीर आणि नांदेडला शाखा आहेत. इंटरनेटवरून दिसणाऱ्या आमच्या यंत्रणेची नुकतीच बाहेरच्या कंपनीकडून तपासणी करून घेतली. अहवाल जाडजूड आहे आणि निम्मी पानं लाल आहेत. संगणकाचं बघणारा आमच्याकडे एकच मुलगा. त्याने सुरुवात कुठून करायची? (एक वाचक, लातूर)

उत्तर : तो लाल रंग तुमची पतसंस्था बघून दिलेला नसतो. बहुतेक अहवालांत तो सीव्हीएसएस या ० ते १० गुणांच्या मोजपट्टीवरून येतो. त्रुटी मुळात किती घातक, एवढंच ते गुण सांगतात. ती तुमच्या कुठल्या यंत्रात आहे आणि त्या यंत्रामागे काय आहे, हे त्यांत धरलेलं नसतं. म्हणून पहिल्या पानापासून यादी संपवत जाणं मला चुकीचं वाटतं, आणि एकट्या माणसाला तर ते झेपणारही नाही.

क्रम ठरवण्याआधी एक गोष्ट तपासा. अहवालात तुमचे सगळे पत्ते आले आहेत का? तपासणारी कंपनी बहुधा तुम्ही दिलेल्या यादीवरच काम करते आणि धोका नेमका यादीबाहेर असतो. कॅमेरे बसवणारा माणूस चेअरमनसाहेबांना शाखा मोबाईलवर दिसावी म्हणून राऊटरवर एक पोर्ट उघडून जातो आणि डीव्हीआरचा पासवर्ड कंपनीने दिलेलाच राहतो. लॉकडाऊनमध्ये सीएंना घरून टॅली उघडता यावं म्हणून रिमोट डेस्कटॉपचं ३३८९ क्रमांकाचं पोर्ट बाहेर उघडलेलं असतं, ते बंद करायचं कुणाच्या लक्षात राहत नाही. प्रत्येक शाखेचं इंटरनेटचं बिल काढा, स्टॅटिक आयपी लिहून घ्या आणि समोर तिथे काय चालतं, ते कुणाच्या ताब्यात आहे, हे नोंदवा. जुन्या वेबसाइट शोधायला एक चांगला मार्ग आहे. एचटीटीपीएससाठी दिलेल्या प्रमाणपत्रांची जाहीर नोंदवही असते. तिथे आपलं डोमेन टाकलं की विसरलेले पत्तेही समोर येतात. ही नोंदवही चोरही बघतात.

आता क्रम. पहिला निकष म्हणजे त्या त्रुटीचा वापर करून कुठे प्रत्यक्ष हल्ले झाले आहेत का. अमेरिकेची सिसा ही संस्था नोव्हेंबर २०२१ पासून अशा त्रुटींची यादी फुकट प्रसिद्ध करते. आपल्याकडे केंद्र सरकारची सर्ट-इन ही संस्था सूचना काढते. तुमच्या अहवालातली जी त्रुटी सिसाच्या यादीत सापडेल, ती गुण कमी असले तरी वर घ्या. दुसरा निकष, लॉगिन न करता बाहेरून तिथे पोहोचता येतं का. फायरवॉल किंवा व्हीपीएनच्या यंत्रातली ७.५ गुणांची त्रुटी मी आतल्या खोलीतल्या प्रिंटरच्या ९.८ च्या आधी दुरुस्त करीन.

तिसरा निकष सर्वांत महत्त्वाचा, कारण त्याचं उत्तर फक्त तुम्हालाच देता येतं. त्या यंत्रामागे काय आहे? नांदेडकरांना हे वेगळं सांगायला नको. जानेवारी २०२१ मध्ये शंकर नागरी सहकारी बँकेच्या आयडीबीआय बँकेतल्या खात्यातून चौदा कोटींहून अधिक रक्कम परस्पर वळवली गेली. पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून ऑगस्ट २०१८ मध्ये ९४ कोटी ४२ लाख रुपये गेले. तिथे चोरांनी एटीएम व्यवहारांना मंजुरी देणारा बनावट स्विच उभा केला होता, त्यामुळे कार्डाची विचारणा कोअर बँकिंगपर्यंत पोहोचतच नव्हती. खातेवही चोख असूनही पैसे गेले. तेव्हा ज्या संगणकावरून बँकेतल्या तुमच्या खात्यावर आरटीजीएस, एनईएफटीचे आदेश जातात, तो आधी शोधा. तो आणि कॅमेऱ्यांचा डीव्हीआर एकाच राऊटरवर असेल, तर डीव्हीआरची किरकोळ वाटणारी त्रुटी थेट यादीच्या डोक्यावर जाते.

आणखी एक. पुष्कळ दुरुस्त्यांना पॅच लागतच नाही. रिमोट डेस्कटॉप बाहेरून बंद करणं, डीव्हीआरचं पोर्ट काढणं, जुनी वेबसाइट उतरवणं ही कामं आजच्या आज, बिनखर्चात होतात आणि अहवालातल्या अनेक लाल ओळी त्यांच्याबरोबर जातात. ज्याला घरून काम करायचंच आहे, त्याला व्हीपीएन द्या आणि पासवर्डबरोबर ओटीपी ठेवा. पॅच मात्र लांबवू नका. वॉनाक्रायचा हल्ला १२ मे २०१७ ला झाला, तेव्हा मायक्रोसॉफ्टचा पॅच येऊन जवळपास दोन महिने झाले होते.

तपासणी फक्त स्वतःच्या पत्त्यांची करा. दुसऱ्याच्या यंत्रणेत परवानगीवाचून शिरलात, तर माहिती तंत्रज्ञान कायद्याची कलमं ४३ आणि ६६ लागू शकतात. सर्व्हर भाड्याचा असेल तर मालकाची लेखी संमती घ्या. घुसखोरी झालीच, तर लक्षात आल्यापासून सहा तासांत सर्ट-इनला कळवावं लागतं. पैसे गेले असतील तर १९३० वर लगेच फोन करा.

दुरुस्ती झाल्यावर तुमच्या मुलाला ऑफिसच्या वायफायवरून नव्हे, मोबाईलच्या हॉटस्पॉटवरून पुन्हा तपासायला सांगा. आतून बघितलं तर बाहेरच्याला काय दिसतं ते कळत नाही. इंटरनेटवाल्याने राऊटर बदलला की जुनं सेटिंग परत येऊ शकतं, म्हणून ही तपासणी दर महिन्याला हवी. कॅमेऱ्यांच्या आणि राऊटरच्या एएमसीचं नूतनीकरण करताना करारात एक अट घालून घ्या : लेखी परवानगीशिवाय कुठलंही पोर्ट उघडायचं नाही.